काट्याजवळ उभा असलेला माणूस

आबा बेलिफ जुना फोटो हातात घेतला की आधी पाय बघत. चेहरे सगळ्यांत शेवटी. फोटो घेऊन येणाऱ्याला घाई असे. तो एखाद्या फेट्यावर बोट ठेवून ‘हे आमचे आजोबा असावेत का’ असं विचारू लागे. आबा ते बोट हलकेच उचलून बाजूला ठेवत आणि भिंग खाली पायांपाशी नेत. “चेहरा फोटोग्राफर सांगेल तसा करतो माणूस. पाय खोटं बोलत नाहीत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मनात म्हणे, पाय खोटं बोलत नसतील, पण पायांच्या वतीने बोलणारे आबा आहेत, आणि आबांना तसं काही पथ्य नाही.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. म्हणजे जे घडलं त्यापेक्षा जे परीक्षेत येतं ते सांगत होतो. आबा मला ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती नि चेष्टा किती याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

ते दिवाणी कोर्टात बेलिफ होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावाने त्यांना त्यांचं आडनाव परत दिलं नव्हतं. बेलिफ समन्स घेऊन दारात आला की घरातला कर्ता पुरुष घरात नसतो. असला तरी नसतो. शेतात गेलेत, भुसावळला गेलेत, आत्ताच बाहेर पडले, बसा, येतीलच. आबा बसत. अर्धी नोकरी त्यांनी लोकांच्या पुढच्या खोलीत बसून काढली, आणि पुढच्या खोलीत बघण्यासारखं जे काही असतं ते भिंतीवर असतं. आढ्याखाली ओळीने, दोरीवर जरा पुढे झुकलेले, माणसांकडे वाकून बघणारे फोटो. “कर्ता येईपर्यंत मी त्याच्या बापाची आणि आज्याची ओळख करून घ्यायचो,” आबा सांगत. “ते कुठे पळून जात नसत.” असोद्यापासून पाचोऱ्यापर्यंत कोणाच्या भिंतीवर कोण आहे हे त्यांना असं फुकट कळलं होतं. पुढे लोकांनी भिंती रंगवल्या, फोटो उतरवून माळ्यावर टाकले, आणि माळ्यावरून पुन्हा काढले तेव्हा कोण कोण ते सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मग लोक फोटो पिशवीत घालून आबांकडे येऊ लागले. ज्या घरांनी त्यांना पूर्वी टाळलं होतं तीच घरं आता पत्ता विचारत येत. आबांना याची मजा वाटे. ते तसं बोलून दाखवत नसत, फक्त येणाऱ्याला म्हणत, “बसा. येतीलच.”

एकदा त्यांनी निरनिराळ्या घरांतून आलेले तीन फोटो माझ्यासमोर ओळीने मांडले. तिन्ही फोटो पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचे. तीन गृहस्थ, तिघांच्या अंगात काळा कोट, आणि तिन्ही कोटांची डावी बाही एकाच ठिकाणी रफू केलेली. कोट स्टुडिओचा होता. “या कोटात अर्धं जळगाव बसून गेलं,” आबा म्हणाले. बूटही स्टुडिओचेच. बूट चावत असले की माणूस कसा उभा राहतो हे त्यांनी मला उठून करून दाखवलं. छातीवर घड्याळाची साखळी असे, साखळीच्या टोकाला घड्याळ नसे. हातात जाड पुस्तक असे आणि ते धरणारा अंगठा उठवून व्यवहार करणारा. मागे पडद्यावर तळं, तळ्यात हंस, आणि पुढे एरंडोलचा कापसाचा अडत्या.

मला त्या थाटाचं हसू येई. माणसाच्या थाटाचं मला एकूणच हसू येतं. दुसऱ्याच्या जरा जास्त. आबांना येत नसे. जन्मात एकदाच फोटो निघायचा, तो बरा निघावा असं वाटलं तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या भिंगाखाली गेलं की त्या फोटोंतला थाट हळूहळू गळून पडे आणि खाली माणसाचा साधा दिवस दिसू लागे. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या शेटजींच्या मागे अर्धवट दिसणारी हमालाची पाठ. पाण्याच्या पितळी हंड्यावर पडलेलं फोटोग्राफरच्या काळ्या कापडाचं प्रतिबिंब. खुर्चीत बसलेला नवरा आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी असलेली बायको. अशाच एका घरगुती फोटोत पुढच्या सतरंजीवर एका मुलाच्या जागी नुसता पांढरा धूर होता. मूल हललं होतं. मी म्हटलं, बिचारं वाया गेलं. आबांनी भिंग तिथेच ठेवलं. “बाकीचे सगळे श्वास कोंडून बसलेत,” ते म्हणाले. “जिवंत तेवढं हेच आहे.”

फोटो पाहिला की ते लगेच नावं सांगत नसत. “ठेवून जा. आठ दिवसांनी या. अभ्यास करावा लागतो.” अभ्यास कसला, पहिल्याच नजरेत त्यांचं काय ते ठरलेलं असे. पण ठेवून घेतलेल्या फोटोसाठी माणसाला दुसऱ्यांदा यावं लागतं, हे त्यातलं मर्म होतं. पेठेतल्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूल नव्हतं, एक पुतण्या नाशिकला होता आणि तो तिथेच असे. आबा स्वतः चहा करत, कपात ओतल्यावर बशी पुसून मग देत, आणि नावं सांगायला शक्य तितका वेळ लावत. एका माणसाचं नाव सांगितलं की त्याची सासुरवाडी, मग सासुरवाडीतलं भांडण, मग त्या भांडणात कोर्टात गेलेली विहीर. येणारा पेन काढून बसलेला असे; त्याला नावं हवी असत. ती मिळाली की तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून उठे. आबा जिन्यापर्यंत सोडायला जात. “पुन्हा काही सापडलं तर घेऊन या,” असं म्हणत, आणि परत येऊन दोन्ही कप स्वतःच विसळत. कधीकधी मी बसलेला असल्याचं त्यांच्या लक्षात नसे. अशा वेळी ते रिकाम्या खुर्चीशी एखादं वाक्य पुरं करत.

आमच्या गावातल्या एका संस्थेने मध्यंतरी आपला अमृतमहोत्सव उरकला. संस्था काय करते हे सभासदांनाही नीट ठाऊक नव्हतं, पण ती पंचाहत्तर वर्षं ते करत आली होती हे नक्की. स्मरणिकेत संस्थापकांचा समूहफोटो हवा, आणि फोटोखाली नावं हवीत. समिती आबांकडे आली, म्हणजे मला पाठवलं. आबांनी आठ दिवस घेतले आणि सगळी नावं सांगितली. एकही जागा रिकामी नाही. समारंभाला त्यांना बोलावलं गेलं, मागच्या रांगेत बसवलं गेलं. प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात नाकापर्यंत हार चढले. संस्थेच्या पत्रिकेच्या पुढल्या अंकात त्या दिवसाचा फोटो आला, खाली नावं आली, आणि शेवटी ‘व इतर’. त्या इतरांत आबा होते. मी चिडलो. त्यांनी भिंगातून स्वतःकडे पाहिलं, आधी पायांकडे, आणि म्हणाले, “चप्पल नवीन घ्यायला पाहिजे.”

त्या संस्थापकांच्या यादीतच मला आबांची चोरी सापडली. एक मिशाळ गृहस्थ या फोटोत त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोतीराम होता. तोच गृहस्थ, तीच भुवईवरची खोक, दुसऱ्या एका घरच्या फोटोत त्यांनी रावजी म्हणून सांगितला होता. मी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले. मला वाटलं, ओशाळतील. ते चहाचं भांडं घासत राहिले.

“मला माहीत नव्हतं तो कोण,” ते म्हणाले.

मी विचारलं, मग नाव कशाला द्यायचं?

“कोणीतरी होताच ना तो? का ‘कोणीतरी’ म्हणूनच जन्मला होता?” भांडं पालथं घालून ते वळले. “तुमच्या पुस्तकातले राजे रणांगणावर काय काय बोलतात, ते ऐकायला तुम्ही गेला होतात का, प्रोफेसर?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वर्गात चालण्यासारखं होतं. मग त्यांनी आपला नियम सांगितला. ज्याची विचारपूस करणारं कोणी उरलं नाही, त्यालाच ते नाव देत. ज्याच्या रक्ताचं माणूस समोर येऊन बसलं आहे, त्याच्या बाबतीत माहीत असेल तर सांगायचं, नसेल तर नाही म्हणायचं. तिथे बनवाबनवी नाही. कोर्टात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला खोट्याचीही काही शिस्त असते असं दिसलं.

आतल्या खोलीत त्यांचा स्वतःचा असा एकच फोटो होता. पाचोऱ्याच्या एका जिनिंगमधल्या सगळ्या माणसांचा. सरकी काढलेल्या कापसाच्या ढिगापुढे तीन रांगा, मधोमध खुर्चीत टोपीवाला साहेब, त्याच्या पायाशी कुत्रा. आबा पाचोऱ्यालाच वाढले. त्यांनी मला त्या फोटोतल्या प्रत्येकाची हकिगत सांगितली होती, कुत्र्याचीसुद्धा. मागच्या रांगेत एका टोकाला, मोठ्या वजनकाट्याला हात टेकून एक उंच, कानाची पाळी बाहेर आलेला माणूस उभा होता. त्याच्यापाशी बोट आलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, “हे आमचे वडील. काट्यावर होते.” आणि बोट पुढे गेलं. ज्याच्याबद्दल आबांनी काहीच जोडलं नाही असा तो एकटा. म्हणून त्या फोटोतलं तेवढं एक नाव मी कधी तपासून पाहिलं नाही.

एकोणीसशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. एका दुपारी मी आबांकडे बसलो असताना खाकी कपड्यातला एक कंडक्टर एका म्हाताऱ्या बाईला धरून जिना चढून आला. धुळ्याचा होता. जळगावच्या फेरीत कोणा उतारूकडून त्याने आबांचं नाव ऐकलं होतं. आईला जुन्या फोटोचं काही विचारायचं आहे, म्हणाला, आणि परतीच्या गाडीची वेळ बघायला स्टँडवर निघून गेला. बाईला सगळे अक्का म्हणत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा, खुर्ची देऊ केली तरी खालीच बसली.

तिची गोष्ट थोडी होती. तिचा बाप नरडाण्याकडचा, पाचोऱ्याच्या त्या जिनिंगमध्ये मजुरीला होता. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तो गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आई माहेरी परतली, भावांच्या घरी कष्ट करून राहिली, आणि म्हातारी होऊन गेली. बाप कसा दिसायचा हे आईने कधी सांगितलं नाही. नवऱ्याचं नावही तोंडातून न काढणारी बाई त्याचं वर्णन कुठून करणार? फार विचारलं की म्हणे, चांगला होता. एवढं मात्र सांगून गेली की साहेबाने एकदा सगळ्यांचा फोटो काढला होता, आणि घरी आल्यावर तो मोठ्या अभिमानाने म्हणाला होता की मी पापणी हलवली नाही. दगडू गिरधर त्याचं नाव.

“आते मनं वय व्हयनं,” अक्का म्हणाली. “वर गयावर मायले मी वळखसू. बापले कशी वळखसू, भाऊ?”

हे तिने रडून सांगितलं नाही. परगावी उतरल्यावर स्टँडवर कोण न्यायला येणार आहे असं विचारावं, तसं विचारलं.

आबा आत गेले, फोटो खिळ्यावरून काढून आणला, काच धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने तीनही रांगांवरून हात फिरवला. मी आबांकडे बघत होतो. त्यांचा नियम मला माहीत होता, आणि त्यांना दगडू गिरधर माहीत नाही हेही मला माहीत होतं. फोटोतल्या सगळ्यांच्या हकिगतीत ते नाव कधी आलं नव्हतं. आता ते नाही म्हणणार, आणि बाई आली तशी जिना उतरणार. आबांनी भिंग उचललं नाही. पायही बघितले नाहीत. मग वाकून त्यांनी मागच्या रांगेत, टोकाला, काट्याजवळच्या माणसावर बोट ठेवलं.

“हे दगडू गिरधर.”

“हाऊ?” तिने काच चष्म्याला लावली. “उंच शे. माले वाटे, बुटका व्हई.”

तिने विचारलं, तुम्ही पाहिला होता का त्याला? आबा म्हणाले, पाहिला होता. मी लहान होतो, वडिलांबरोबर जिनिंगमध्ये जायचो. आणि मग ते बोलू लागले. तो माणूस संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांना कापूस लागलेला असायचा, मुलं म्हणायची, सकाळी गेला तेव्हा तरणा होता, आता म्हातारा झाला; मग तो मुद्दाम कंबर वाकवून चालायचा. हाताला सरकीच्या तेलाचा वास. काट्याचा दांडा थरथरत असेपर्यंत कोणाशी बोलायचा नाही. खिशात फुटाणे ठेवायचा आणि कोणी मागितले तर खिसा उलटा करून दाखवायचा, रिकामा, आणि फुटाणे निघायचे दुसऱ्या खिशातून. झोपेत हसायचा. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं जात होतो. हे एकही वाक्य मी ऐकलं नव्हतं. आपल्या वडिलांबद्दल आबांना जे काही ठाऊक होतं ते त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही दुसऱ्याच्या नावाने. यात काही बनवलेलं असतं तर मला कळलं असतं. आबा बनवायला लागले की सासुरवाडी येत असे.

अक्का ऐकत होती. मध्येच ती नुसती मान हलवे, आपल्यालाही ते आठवतं आहे अशी. शेवटी तिने विचारलं, “आनि तुम्हना बाप यामा कोन्ता?”

“आमचे त्या दिवशी नव्हते आले,” आबा म्हणाले.

मुलगा परत आला. त्याने विचारलं, फोटो धुळ्याला नेऊन यातला एवढाच चेहरा मोठा करून घेऊ का, आठ दिवसांत परत आणून देतो. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवस नाकारले. म्हणाले, ठेवा तुमच्याकडेच. वर्तमानपत्रात फोटो त्यांनी स्वतः गुंडाळला, सुतळी बांधली, आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.

ते परत आल्यावर मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी फिर्याद असावी. एवढ्या तीन रांगा होत्या. नाव द्यायचंच होतं तर मधला कोणी चालला नसता का? हे असं स्वतःचं कशाला?

“दुसऱ्याचा बाप मी कसा देऊ?” आबा म्हणाले. “तो काय माझा आहे?” मग कप विसळता विसळता म्हणाले, “माझ्यामागे त्याला कोण विचारणार होतं, प्रोफेसर? पुतण्या फ्रेम ठेवेल, कारण सागवानी आहे.”

त्या खिळ्यावर नंतर त्यांनी एका बँकेचं कॅलेंडर लावलं. महिना उलटायचं ते बहुतेक विसरत.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून बोलावणं आलं. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि लेकी माहेरी येतात. आबा दर वर्षी आपल्या खोलीत एकटेच एक लहानशी घागर भरत, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवत, आणि दुपारी ते डांगर चाळीतल्या पोरांना कापून देत. त्या वर्षी ते म्हणाले, चला धुळ्याला. एस.टी.ने पारोळ्यावरून उन्हात तीन तास गेलो. वाटेत ते अधूनमधून वाकून पाय चोळत. नवीन चप्पल घातली होती, ती चावत होती.

अक्काच्या घरी भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो होता. धुळ्याच्या कोणा कलाकाराने अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावरून तो वाढवला होता आणि मोकळ्या मनाने सजवला होता. काट्यावर उघड्या छातीने बंडीत उभ्या असलेल्या माणसाला जरीचा फेटा मिळाला होता, गळाबंद कोट मिळाला होता, कपाळाला गंध आणि मागे निळंशार आकाश. खाली रंगवलेली अक्षरं: कै. दगडू गिरधर. आबांच्या वडिलांना अखेर कोट मिळाला, आणि तोही रफू न केलेला. मला हसू यायला हवं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते चपला काढून फोटोसमोर उभे राहिले होते, हात जोडले होते, पाहुणा यजमानाच्या वाडवडिलांना करतो तेवढाच आटोपशीर नमस्कार करून ते पाटावर बसले.

अक्का फार आनंदात होती. मामांच्या घरी वाढलेल्या तिला बापाच्या घरची आखाजी ठाऊक नव्हती. आता बापच घरी आला, ती सगळ्यांना सांगत होती. नातवाला पुढे करून म्हणाली, याची उंची पणज्यावर जाणार. तो पोरगा वयाच्या मानाने बराच बुटका होता. पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झालं. घागर मुलाने भरली. पाणी सोडताना त्याने दगडू गिरधर हे नाव घेतलं आणि आबा खाली बघत राहिले. निघताना अक्काने त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि भाऊ, दर वर्षी या, म्हणाली. आबांना दर वर्षी या असं कोणी म्हटल्याचं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत पारोळा गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नाव दुसऱ्याचं घेतलं. पाणी पोचलं असेल का हो?”

माझा या गोष्टींवर विश्वास नाही हे त्यांना माहीत होतं. उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

“आम्ही समन्स नावाला देत नव्हतो, माणसाला देत होतो,” ते म्हणाले. “नावात चूक असली तरी माणूस समोर तोच असला, तर बजावणी झाली असं धरायचो. साहेबसुद्धा मानायचे.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. जळगाव येईपर्यंत ते झोपले होते की नाही हे मला सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या थंडीत आबा गेले. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी दार ढकललं. पुतण्या नाशिकहून आला, त्याने जे करायचं ते रीतसर केलं आणि खोल्या मालकाला परत दिल्या. लोकांनी अभ्यासाला ठेवलेले पाच-सहा फोटो टेबलावर होते. ते घ्यायला लोक माझ्याकडे आले. आबांना काय झालं हे त्यांनी विचारलं, आणि नावं सांगून ठेवली आहेत का हेही विचारलं.

मी धुळ्याला गेलो. अक्काला कळवायला पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर आणखीही एक मनात होतं. आबा गेल्यावर ही गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने खोटी नोंद तशीच पुढे जाऊ द्यावी का, असा एक भारदस्त प्रश्न मी एरंडोलपासून चघळत होतो. धुळ्याला उतरेपर्यंत त्यातला भारदस्तपणा बराच उतरला. अक्काने बातमी ऐकली, पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, त्यांचं कोणी नव्हतं, मला ठाऊक आहे. आम्ही लावू त्यांचा फोटो. तुमच्याकडे आहे का?

होता. पुतण्याने खोली रिकामी करताना एक लहान फोटो मला दिला होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर निवृत्तीच्या दिवशी काढलेला. तो मी पाकिटातून काढून दिला. यावर काही करू नका, फेटा-कोट नको, एवढं मात्र कंडक्टरला बजावलं. त्याने ऐकलं.

पुढच्या आखाजीला मी एकटा गेलो. आबांचा फोटो दगडू गिरधरच्या शेजारी लावला होता, त्याच उंचीवर, तसाच हार. अक्काची सून दोन्ही काचा ओल्या फडक्याने पुसत होती. पुसता पुसता ती थांबली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि म्हणाली, “अक्का, यांचे कान बघा. अगदी एकासारखे एक आहेत.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. अक्काने मान वर केली, चष्म्यातून दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा डांगर कापू लागली.

“फोटोमा बठ्ठा मानसं सारखाच दिसतस,” ती म्हणाली.